साक्कोट्टैच्या तळ्यातली पंपाची गाडी

आमचा अण्णा माणसांची नावं हमखास विसरतो. एकदा भाच्याचं बारसं जेवून निघाला आणि दारात चपला शोधताना मलाच विचारलं, "तुळसा, पोराचें नांव काय ठेवट्ले?" पण गाडीचं तसं नाही. रस्त्यावरून एखादी मोपेड फटफटत गेली की मान वर न करता सांगेल, कुठल्या सालची, कुणाची, आणि किती दिवसांत बंद पडणार.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, सेतू. कुंभकोणमला बाणादुरैच्या कोपऱ्यावर त्याचं पत्र्याच्या छपराचं दुकान आहे. मोपेड, स्कूटर, शेतावरचे पंप, जे येईल ते दुरुस्त करतो. मात्र त्याचा एक हट्ट. यंत्राची पुरती ओळख पटल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. कारखाना कुठला, साल कोणतं, मधे कुणी कुठला भाग बदलला, हे सगळं कळलं पाहिजे. तोवर गिऱ्हाईक तीन आठवडे चकरा मारेना का. "अरे, गाडी दुरुस्त करायची आहे, सोयरीक नाही जमवायची," असं मी त्याला कितीदा म्हटलं असेल. तो म्हणतो, "नाडी न पाहतां वैद्य काढा देतो काय?"

मी तुळसी. माहेर कुंभकोणम, सासर सातारा. आमचे पूर्वज राजांबरोबर तंजावरला आले आणि तिकडचेच झाले. घरात तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी, बाहेर पडलं की तमिळ. सातारला मी "कशाला"च्या जागी "कसाला" म्हटलं की सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मला तेव्हा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, मद्रासहून एक श्रीमंत गृहस्थ अण्णाच्या दुकानात आले. जुन्या गाड्या जमवण्याचा नाद. मागच्या भिंतीशी कापडाखाली अण्णाने पुन्हा जोडून रंगवलेली एक लहानशी हिरवी मोटारसायकल होती. त्यांनी कापड उचललं, पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढलं आणि ओरडलेच. "वेलबाइक! लढाईत विमानातून छत्रीने खाली सोडायचे ती!" अण्णा म्हणाला, मला माहीत आहे. ते म्हणाले, मागाल ते देतो. अण्णा म्हणाला, विकायची नाही. ते म्हणाले, मग निदान चालू तरी करून दाखवा. अण्णाने कापड पुन्हा नीट ओढून घेतलं आणि म्हणाला, ही चालू करायची नाही. गृहस्थांना वाटलं, माणूस तिरसट आहे. तिरसट तो आहेच, पण कारण ते नव्हतं.

कारण सांगायचं तर आधी आतोबांचं सांगायला हवं. आतोबा म्हणजे आमच्या वेदवती आत्याचे यजमान. लढाईच्या दिवसांत ते तंजावरच्या विमानतळावर गोदामात कारकून होते. लढाई संपली आणि सरकारने उरलेला माल विकायला काढला, त्यात त्यांनी ही गाडी घेतली. चाकं ताटाएवढी, मूठ दुमडून आत जाणारी, बैठक दांड्यात खाली बसणारी. आणि चालू करण्याआधी टाकीला स्टोव्हसारखा हाताने पंप मारायचा. आतोबा उंच होते. गाडीवर बसले की गुडघे कानाशी यायचे आणि सगळी गल्ली हसायची. तेही हसायचे. अण्णा सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला पुढ्यात बसवून आमच्या दारापासून शारंगपाणीच्या देवळातल्या रथापर्यंत नेऊन आणलं. तो आवाज अण्णाच्या कानात बसला तो कायमचा. तो मेकॅनिक झाला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

पन्नास सालच्या कार्तिकात आत्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. वय बावीस, आठवा महिना. तिरुक्करुगावूरच्या देवीचं एरंडेल पोटाला लावलं की बाळंतीण सुखरूप सुटते, असा आमच्याकडे सगळ्यांचा भरवसा. ते आणायला आतोबा सकाळी गाडी घेऊन निघाले. "दुपारीं जेवायला येतों," म्हणून सांगून गेले. दुपारपासून पाऊस लागला. तो तीन दिवस पडला, कालवे फुटले, आणि आतोबा आले नाहीत. पाणी ओसरल्यावर बाबांनी वाट न वाट पालथी घातली. माणूस नाही, गाडी नाही. पाचव्या दिवशी आत्या बाळंत झाली. मूल रडलंच नाही.

मग लोकांची तोंडं सुटली. कुणी म्हणे, नागपट्टणमच्या धक्क्यावर पाहिला. कुणी म्हणे, पेनांगला गेला, तिकडे बाई होती. बोलणाऱ्याचं काय जातं? आतोबांच्या घरच्यांनी तर आमच्याशी येणंजाणंच तोडलं. आत्या आमच्याकडे राहिली. रोज डोक्यात फूल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बारा वर्षं झाली तेव्हा बाबांनी एकदा विषय काढला, की प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून दहन करतात, शास्त्रात सोय आहे. आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "जेवायला येतों म्हणून सांगून गेले आहेत," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. तिने त्यांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही आमच्या बायकांची समजूत. ती "ते" म्हणायची, किंवा आम्हाला "तुमचे आतोबा".

अण्णा तीस वर्षं ती गाडी शोधत होता. रविवार आला की तंजावर, त्रिची, नागपट्टणमच्या भंगारवाल्यांकडे. लहान चाकं, दुमडती मूठ, टाकीला पंप. भंगारवाले त्याला लांबून बघूनच "पंप नाही आला" म्हणून ओरडायचे.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात मी माहेरी गेले होते. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. कावेरीत नुसती वाळू. तिरुक्करुगावूरच्या वाटेवर साक्कोट्टैला कालव्याकाठच्या एका शेताचं तळं तळापर्यंत आटलं, म्हणून मालकाने गाळ काढायला माणसं लावली. एकाची कुदळ लोखंडावर आपटली. मालक अण्णाकडून पंप दुरुस्त करून घेणारा. त्याने लगेच निरोप धाडला. अण्णा बैलगाडी करून गेला आणि संध्याकाळच्या आत गोणपाटात गुंडाळलेला चिखलाचा एक गोळा घेऊन आला. परसातल्या पत्र्याखाली तो उतरवला. मी पुढे झाले तर म्हणाला, "तुळसा, हात लावूं नको."

दोन दिवस तो चिखल धूत होता. विहिरीत घागर बुडण्यापुरतं पाणी, आणि हा ते गाडीवर ओततोय. पंकजा वैनीने भरपूर तोंडसुख घेतलं. पण खालून ताटाएवढी चाकं निघाली, मग दुमडलेली मूठ, मग टाकीचा पंप, आणि वैनी स्वतःच घागर घेऊन विहिरीकडे गेली.

"हीच काय?" मी विचारलं.

"अशा पांच गाड्या विकल्या म्हणून ऐकट्लों आहें," अण्णा म्हणाला. "हीच म्हणून मी कसें सांगूं?"

"तळ्यांत आणिक कांहीं सांपडलें?"

"मनुष्याचें कांहीं नाहीं. पुसट्लों मी."

आत्या तेव्हा एकोणसाठची. ती परसात आली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून परस दिसतं, तर तिने ती खिडकीही लावून घेतली.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ओल. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे गच्चीवर घातलेले पापड तासात कडकडीत होतात. पण ती गाडी वाळेना. अण्णा सकाळी फडक्याने कोरडी करायचा, आणि दुपार चढली की लोखंडातून पुन्हा पाणी सुटायचं. थेंब थेंब गळून खाली थारोळं व्हायचं, त्याला तळ्याचा वास. त्याने इंजिन उतरवलं, सगळे भाग सुटे केले, टाकी उलटी टांगली. प्रत्येक सुट्या भागाखाली वेगळं थारोळं झालं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "लोखंड पाणी धरीत नाहीं, तुळसा." ज्याच्यापाशी प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं, तो असं बोलायला लागला तेव्हा मी खरी घाबरले.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी मागच्या पडवीत चिंच फोडत बसले होते. गल्लीच्या टोकाकडून गाडीचा आवाज आला. बारीक, घाईघाईचा, आणि दर चौथा ठोका चुकायचा. तो जवळ जवळ आला, घरात शिरल्यासारखा वाटला आणि थांबला. आली असेल कुणाची मोपेड, असं म्हणून मी चिंच फोडत राहिले. जेवताना सहज अण्णाला सांगितलं आणि तोंडाने आवाज काढून दाखवला.

अण्णाचा घास हातातच राहिला. "हें तुज कोणी शिकविट्ले?"

"कोणी कसाला शिकवील? ऐकट्लें."

"तेव्हां तूं एक वर्षाची होतीस," तो म्हणाला. "चौथ्याला अडते. आतोबांची गाडी तशीच चौथ्याला अडत होती."

परसात गोणपाटावर इंजिनाचे सुटे भाग मांडलेले होते. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

आत्या वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली. "मी रोज ऐकतें," ती म्हणाली. "सदतीस वर्षें झालीं. अगोदर लांब ऐकूं येई, आतां जवळ येतें, इतकेंच."

दुसऱ्या दिवशी पंकजा वैनी माझा हात धरून मला न्हाणीकडे घेऊन गेली. "अत्त्या आतां बोळांत भिंतीस लागून उभ्या राहिल्या," ती म्हणाली. "पदर सांवरट्ला, मान खालीं घातली. वडील मनुष्यास वाट देतों तशी. मग चालायला लागल्या. कोणी नव्हतें गे तुळसा." मी घरातल्या बोळात जाऊन पाहिलं. फरशीवर चार बोटं रुंदीचा ओला पट्टा होता, उंबऱ्यापासून थेट जेवणघरापर्यंत. मी तो पायपुसण्याने पुसला आणि कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी आत्याने अण्णाला बोलावलं. ट्रंकेतून घडी पडून पडून फाटत आलेला एक कागद काढला. गाडी घेतानाची पावती.

"ह्यांत गाडीचा नंबर आहे म्हणून ते सांगत," ती म्हणाली. "सेतू, तूं मनुष्याशीं लबाडी करशील, गाडीविषयीं करणार नाहींस. पाहून ये. त्यांची होय म्हणट्लास तर मी हें पुसतें." तिने बोट कपाळाला लावलं. "नव्हे म्हणट्लास तर अशीच राहतें. तूं सांगशील तें सगळें मज मान्य."

इंजिनावर नंबर ठोकलेला होता, पण गंजाने असा खाल्लेला की बोट फिरवलं तर नुसता खडबडीतपणा. अण्णाने खडू घासून पाहिला, राख घासून पाहिली. मग म्हणाला, स्वामीमलैला जाऊं. तिथे चंद्रमौळी म्हणून त्याचा मित्र, मूर्ती ओतणारा स्थपती. हे लोक मेणाच्या मूर्तीवर पहिला थर कावेरीच्या गाळाचा देतात. तो गाळ इतका मऊ की मेणावर बोट टेकलं असेल तर त्याच्या रेषासुद्धा उठतात. इंजिनाचं कवच पंच्यात बांधून अण्णा आणि मी बसने गेलो. वाटेत माझी मांडी भिजत होती. कंडक्टरने विचारलं, मासे आहेत का? म्हटलं, आम्ही मासे खाणारे दिसतो का तुला? त्याने तिकीट फाडलं.

चंद्रमौळीला कसलीच हकीकत माहीत नव्हती. त्याने गाळाचा गोळा त्या खडबडीत जागेवर अंगठ्याने दाबला, सुकू दिला आणि अलगद सोडवला. मग तिरप्या उन्हात धरला. उलटे आकडे स्पष्ट उठले होते. अण्णाने आरसा समोर धरून ते वाचले, मी पावती धरली होती. एक आकडा तो वाचायचा, एक मी. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळे जुळले.

आम्ही काही बोलायच्या आत चंद्रमौळी कवचाच्या आतला पिवळट, चिवट थर नखाने खरवडत होता. दिवसभर तेल आणि राळ मेणात मिसळणारा माणूस तो. त्याने नख नाकाशी नेलं. "सेतू, हे गाडीचं तेल नव्हे," तो तमिळमधे म्हणाला. "एरंडेल आहे."

अण्णाने कवच त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः वास घेऊन पाहिला.

परतीच्या बसमधे त्याने मला समजावून सांगितलं. असल्या गाडीला पेट्रोलमधे तेल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जळतं. आतोबांचं तेल वाटेत संपलं असणार. पाऊस लागलेला, घरी पोचायची घाई, आणि जवळ तेल म्हणाल तर एकच. "देवीचें एरंडेल घातले त्यांनीं," अण्णा म्हणाला. "म्हणजे तिरुक्करुगावूरहून परत येत होते, तुळसा. घराकडे येत होते. पळाले नाहींत ते." आणि एवढा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस भर बसमधे रडायला लागला.

मला रडू आलं नाही, संताप आला. पेनांग म्हणणाऱ्यांचा, धक्क्यावर पाहिला म्हणणाऱ्यांचा, दार लावून घेणाऱ्या त्या घरच्यांचा. आमच्या बाबांचाही, कारण शेवटी शेवटी त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि तो सगळा संताप मी अण्णावर काढला. म्हटलं, खबरदार आत्याला सांगशील तर. सदतीस वर्षं तिने ते कुंकू सांभाळलंय. आता या वयात ते पुसायला लावणारा तू कोण?

"मग त्यांचें नांव कोणी धुवायचें?" अण्णा म्हणाला. "पळपुटा म्हणून गांव बोलतो."

"मेलेल्या मनुष्यास नांव काय करायचें? ती जिवंत आहे."

मी त्याला शपथ घातली. चूक माझी, हे मी कुणापुढेही कबूल करायला तयार आहे. आयुष्यात यंत्राबद्दल एक शब्द खोटा न बोललेल्या माणसाला मी खोटं बोलायला लावलं.

आत्या दारातच उभी होती. अण्णाने उंबऱ्याकडे बघत सांगितलं, "त्यांची नव्हे, अत्त्या. शेवटचा आंकडा वेगळा आहे."

"सरी, बरें," आत्या म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी वाळली. सकाळी उठून पाहतो तो खालची माती भुरभुरीत, आणि सगळ्या भागांवर लाल गंजाची पूड आलेली. मला वाटलं, चला, सुटलो.

दुपारी आवाज आला. गल्लीच्या टोकाकडून, चौथ्याला अडत, आमच्या दारापर्यंत. आत आला नाही. दाराशी उभा राहून इंजिन तसंच चालू. मी उठून दार उघडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या ओट्याच्या सावलीत रोज झोपणारी दोन कुत्री उठून गेली होती. आवाज माझ्यापासून दोन हातांवर होता, आणि तिथे नुसतं ऊन होतं. मी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आवाज बंद झाला.

मग रोज. पहिल्या दिवशी भात वाढून होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी जेवणं उरकेपर्यंत, तिसऱ्या दिवशी भांडी घासून होईपर्यंत. आता पंकजा वैनीलाही ऐकू यायला लागलं. ती कानात कापूस घालून बसायची, तरी थरथर जमिनीतून पायांना लागायची. अण्णा दुपारी दुकानात थांबायला लागला, पण तिथेही जीव लागेना म्हणून परत यायचा. आत्या पानावर बसायची आणि भाताला हात न लावता उठायची. चार दिवस ती दुपारची उपाशी होती. तिच्या गालांची हाडं वर आली.

पाचव्या दिवशी दाराशी आवाज चालू असताना तिने पान पुढे सारलं.

"सेतू," ती म्हणाली, "दारांत उभा राहून 'त्यांची नव्हे' म्हणून सांगट्लास. आपल्या घरचे नव्हत म्हणून सांगट्ल्यावर ते आंत कसे येतील रे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अण्णाने तिथेच तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. नंबर, गाळाचा ठसा, एरंडेल. मीही सांगितलं की शपथ माझी होती. बोलता बोलता मला जाणवलं, की बाहेरचा आवाज थांबलाय. कधी थांबला कळलंच नाही.

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तयार होते. आत्या रडली नाही. मग तिने एकच विचारलं.

"एरंडेल सगळें घातले होतें काय?"

"थोडें राखून ठेवलें असेल," अण्णा म्हणाला. "तुझ्यासाठीं."

"सगळें घालायचें होतें," ती म्हणाली. "लवकर आले असते." आणि अण्णाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "नरसिंहाचारांस बोलाव."

नरसिंहाचार आमचे उपाध्ये. त्यांनी पळसाची पानं जमवली, दर्भ आणले. कावेरीच्या पायऱ्यांवर विधी करायचा ठरला. बायकांनी येऊ नये, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मी म्हटलं, आचार, सदतीस वर्षं वाट पाहिली ती तुम्ही की तिने? त्यांनी तिलाही घेऊन यायला सांगितलं.

नदीत पाणी नव्हतं. पायऱ्यांखाली वाळूत खड्डा खणून अण्णाने झऱ्याचं तांब्याभर पाणी काढलं. समोर पार पलीकडच्या काठापर्यंत पांढरी वाळू, तीवर भर दुपारचं ऊन, आणि माणूस म्हणून कुणी नाही. पानांचा माणूस पायरीवर निजवलेला होता. उंच केला होता; आत्यानेच तसा करायला सांगितला. ती त्याच्या उशाशी बसली. शेवटचं म्हणून तिने त्या दिवशी फूलही माळलं होतं.

आत्याला मूलबाळ नाही, म्हणून दर्भ अण्णाच्या हातात देऊन त्याला अधिकार तिने द्यायचा होता. तो दिला. संकल्प सुरू झाला. नरसिंहाचार थांबले आणि म्हणाले, "नांव?"

अण्णाने आत्याकडे पाहिलं.

आत्याने पदर नीट केला आणि मान वर करून वाळूकडे पाहिलं.

"हनुमंतराव!" ती म्हणाली. गेलेल्याचं सांगतात तसं नव्हे. हाक मारावी तसं, मोठ्याने.

"ओ," वाळूतून आलं.

पुरुषाचा आवाज, दमलेला, अगदी जवळचा. मी अण्णाकडेच बघत होते. त्याचे ओठ मिटलेले होते. आचारांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. वाळूत कुणीही नव्हतं. मला पळून जावंसं वाटलं आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की त्यांनी अजून एकदा बोलावं. ते पुन्हा बोलले नाहीत, आणि तो आवाज पुन्हा उठू नये म्हणूनच अण्णा ती गाडी चालू करत नाही.

नरसिंहाचारांनी पळी उचलली. आत्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गोत्र?"

"काश्यप," आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच पदराने तिने कपाळ पुसलं.